व्हर्च्युअल मशीनमधलं पेजमेकर आणि खालच्या कोपऱ्यातलं कासव : एका छापखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी छोटा छापखाना आहे, मालक काका, मशीनवर एक जण आणि कॉम्प्युटरवर एक ताई. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायटीचे अहवाल अशी वर्षभराची कामं, आणि गणपती उठले की दोन-तीन दिवाळी अंक. ताई वीस वर्षांपासून पेजमेकरवरच पानं लावतात. पेजमेकर ७.० हे २००१ चं सॉफ्टवेअर, पण त्यांच्याकडं गेल्या वीस वर्षांच्या सगळ्या फायली त्यातच आहेत, आणि मराठी अक्षरं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातली, म्हणजे आजच्या सगळीकडं चालणाऱ्या युनिकोड पद्धतीत न बसणारी. त्या फॉन्टाचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलवर (किल्लीसारखा लावून ठेवायचा छोटा तुकडा) चालतं, डोंगल काढलं की कीबोर्ड मराठी उमटवायचं बंद करतो.

हे सगळं विंडोज ७ च्या एका जुन्या पीसीवर चालायचं. २०२५ च्या उन्हाळ्यात तो बंद पडला, मदरबोर्डच गेला. काकांनी नवीन मशीन घेतलं, चार कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि फोटो नीट दिसावेत म्हणून हौसेनं २७ इंची फोरके मॉनिटर. मशीनबरोबर विंडोज ११ होम आलं. आणि तिथंच गाडी अडली, कारण डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखू देणारं सॉफ्टवेअर, ३२ बिटचा आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही, ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. पेजमेकर एकवेळ कसंबसं चाललं असतं, पण डोंगलशिवाय मराठी नाही आणि मराठीशिवाय छापखाना नाही.

काकांच्या पुतण्यानं मार्ग काढला आणि तो मार्ग बरोबरच होता हे आधी सांगतो. त्यानं व्हर्च्युअलबॉक्स (खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात जुनं विंडोज ७ ३२ बिट चढवलं, डोंगल यूएसबी फिल्टर लावून आत दिलं, पेजमेकर बसवलं, बाहेरच्या डी ड्राइव्हवरचा फायलींचा फोल्डर शेअर करून आत दाखवला. सगळं चालू झालं. फक्त हळू.

अडचण

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन आला. दसरा २ ऑक्टोबरला होता, १२८ पानांचा एक अंक तोवर छापून द्यायचा होता आणि चाळीस पानंसुद्धा लागली नव्हती.

ताईंनी अडचण एका वाक्यात सांगितली, "दादा, मी पुढं आणि अक्षरं मागं." म्हणजे त्या पूर्ण शब्द टाइप करून थांबायच्या आणि मग स्क्रीनवर एकेक अक्षर उमटत यायचं. टाइपरायटरच्या कीबोर्डावर हात बसलेलं माणूस स्क्रीनकडं बघून टाइप करतच नाही, पण चूक झाली की मागं जायला स्क्रीन लागते, आणि बॅकस्पेस किती वेळा दाबला हे स्क्रीन वेळेवर सांगत नव्हती. चार अक्षरं खोडायची तर सात खोडली जायची. फोटो सरकवताना चौकट माउसच्या मागून फरफटत यायची. पान बदललं की आधी पांढरं, मग वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी चित्र भरत यायचं.

काकांचं निदान ठरलेलं होतं, ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून हे होतंय. ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथंही त्यांना हेच सांगितलं होतं आणि अठरा हजारांचं कार्ड सुचवलं होतं. काका पैसे द्यायला तयार होते, त्यांना फक्त माझ्याकडून "हो" पाहिजे होतं.

पहिला दिवस वाया गेला तो असा

मी पहिल्यांदा घरूनच, रिमोट सॉफ्टवेअरनं त्यांची स्क्रीन बघितली. हा निर्णय चुकीचा होता, कारण रिमोटवरून बघताना चित्र आधीच दाबून, थांबत-थांबत येतं, त्यामुळं कुठला उशीर व्हर्च्युअल मशीनचा आणि कुठला इंटरनेटचा हे कळायला मार्ग नसतो. स्क्रीनच्या चालीचीच तक्रार असेल तर समोर बसून बघायला पाहिजे.

दुसरी चूक, मी लगेच सेटिंगला हात घातला. डिस्प्लेमध्ये थ्रीडी ॲक्सिलरेशनवर टिक केली, व्हिडिओ मेमरी शेवटापर्यंत ओढली. मशीन परत चालू केल्यावर काही फरक नाही, पेजमेकर तसंच. आता बघतो तेव्हा कळतं की फरक पडणारच नव्हता. थ्रीडीची टिक ही डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएल वापरणाऱ्या प्रोग्रामांसाठी असते, म्हणजे गेम, कॅडचे काही प्रकार, आणि विंडोज ७ चा तो काचेसारखा एरो. पेजमेकर हे सगळं यायच्या आधीच्या पिढीतलं, ते विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीनं रेषा, अक्षरं, फोटो काढतं. ते काम टूडीचं आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं प्रोसेसर करतो. म्हणजे प्रश्न "कार्ड किती ताकदीचं" हा नव्हताच, "आतल्या विंडोजला प्रोसेसर नीट मिळतोय का आणि काढलेलं चित्र बाहेर कसं येतंय" हा होता.

हे मला दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन बसल्यावर उमगलं.

समोर काय काय पर्याय होते

ग्राफिक्स कार्ड. यावर काकांशी सगळ्यात जास्त बोलणं झालं. व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या विंडोजला तुमचं खरं कार्ड दिसतच नाही, त्याला व्हर्च्युअलबॉक्सनं तयार केलेलं एक खोटं कार्ड दिसतं. खरं कार्ड सरळ आत द्यायची सोय असते, तिला पासथ्रू म्हणतात, पण ती लिनक्सवर केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीनची सोय) वापरून करतात, त्यासाठी मदरबोर्डची साथ लागते आणि शक्यतो दोन कार्डं लागतात, एक बाहेरच्यासाठी आणि एक आतल्यासाठी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय लिनक्सपुरती प्रायोगिक म्हणून होती, ६.१ आवृत्तीत तीही काढून टाकली. म्हणजे विंडोज ११ होमवर अठरा हजारांचं कार्ड लावलं असतं तर ते बाहेरच राहिलं असतं आणि आत पेजमेकर तसंच रेंगाळलं असतं. मी काकांना एवढंच विचारलं, "काका, चित्र काढतंय कोण ते आधी बघू, कार्ड उद्याही मिळतंय." ते थांबले, याबद्दल मला खरंच बरं वाटलं.

जुना पीसी. सेकंडहँड मशीन घेऊन त्यावर थेट विंडोज ७ चालवायचं. हा पर्याय अजिबात वाईट नव्हता, गावोगावच्या छापखान्यांत असंच चालतं. पण जुनं मशीन त्यांना नुकतंच दगा देऊन गेलं होतं आणि पुढचं किती टिकेल याची खात्री कोण देणार. व्हर्च्युअल मशीनचा एक मोठा फायदा म्हणजे सगळं विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, सेटिंगसकट एका फोल्डरात राहतं, तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला की झालं. वीस वर्षांच्या कामासाठी मला ते जास्त मोलाचं वाटलं.

हायपर-व्ही. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर. पण ते होम आवृत्तीत मिळत नाही, प्रो लागतं, आणि मिळालं तरी त्यात यूएसबीचं डोंगल सरळ आत देता येत नाही. इथंच बाद.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन. व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०२४ पासून हे धंद्यातल्या वापरासाठीही फुकट झालंय, यूएसबी नीट देतं, विंडोज ७ चालवतं. हा पर्याय मी राखून ठेवला. लगेच न घेण्याचं कारण एकच, सगळं नव्यानं बसवायचं म्हणजे डोंगलचं सॉफ्टवेअर परत ॲक्टिव्हेट करायचं, ते आलं तर आलं, आणि अंक डोक्यावर होता.

इनडिझाइन (पानं लावायचं नव्या पिढीचं सॉफ्टवेअर) आणि युनिकोड. दूरचा खरा रस्ता हाच आहे आणि त्याबद्दल खाली लिहितो, पण वीस दिवसांत १२८ पानं देताना ताईंच्या हातातलं हत्यार बदलणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता. जुन्या फॉन्टात मजकूर दिसतो मराठी पण फाईलमध्ये असतात इंग्रजी अक्षरांच्या जागा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर, अर्धी अक्षरं वेगळ्या कळांवर. हे सगळं कन्व्हर्टरनं बदलता येतं पण प्रत्येक पान परत वाचावं लागतं. सणाच्या तोंडावर ते नको.

मग ठरलं की आहे तेच मशीन आधी नीट तपासायचं, एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं. मोजायला आम्ही एक पान धरलं, चार फोटो आणि दोन कॉलम मजकूर असलेलं सदतिसावं पान. त्या पानावर उडी मारली की शेवटची पट्टी भरेपर्यंत किती सेकंद, हे ताईंनी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर धरायचं. सुरुवातीचा आकडा अकरा सेकंद.

काय केलं

सगळ्यात आधी कासव. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात बारीक-बारीक चिन्हांची ओळ असते, डिस्क, नेटवर्क, यूएसबी, आणि त्यात एक चिन्ह प्रोसेसरचं. ते साधारण निळसर व्ही असं दिसतं. इथं त्या जागी हिरवं कासव होतं. इतकं छोटं की फोरके मॉनिटरवर जवळ जाऊन बघावं लागलं. ताई म्हणाल्या, "ते तर पहिल्या दिवसापासून आहे, मला वाटलं कंपनीची खूण असेल."

कासवाचा अर्थ असा की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय सरळ मिळालेली नाही, ती विंडोजच्या हायपर-व्हीनं आधीच धरून ठेवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या मागच्या दारानं काम करतंय. आतल्या विंडोजनं कार्डाला, डिस्कला, टायमरला हात लावला की दरवेळी मध्ये जादाचे हेलपाटे. गणिताच्या कामात हे फार जाणवत नाही, पण स्क्रीन सतत रंगवायची असते तिथं लगेच दिसतं. लॉग फाईल उघडली तर त्यात सरळ लिहिलेलं होतं, "स्नेल एक्झिक्युशन मोड इज ॲक्टिव्ह". चिन्ह कासवाचं आणि लॉगमध्ये गोगलगाय, पण मुद्दा एकच.

पण होम आवृत्तीत हायपर-व्ही नसतं ना, मग आलं कुठून? होममध्ये हायपर-व्हीचा मॅनेजर नसतो, पण खालचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा मूळ थर) असतोच आणि विंडोजच्या इतर गोष्टी तो चालू करतात. इथं दोन ठिकाणांहून चालू होता. एक, विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी, जी नव्या मशीनवर बहुधा आधीच चालू असते. दोन, पुतण्यानं मोबाईलमधले गेम पीसीवर चालवायचं एक सॉफ्टवेअर टाकून बघितलं होतं, त्यानं विंडोज फीचर्समध्ये व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म या दोन्हींवर टिक करून ठेवली होती. सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलं, टिका तशाच राहिल्या.

इथं खरा निर्णयाचा क्षण होता. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे, चुकीचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात घुसू नयेत म्हणून ती असते, आणि याच मशीनवर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, व्हॉट्सॲपवरून मजकूर येतो. ती बंद करणं म्हणजे दाराची एक कडी काढणं. मी काकांना हे असंच सांगितलं, लपवलं नाही. बदल्यात तीन गोष्टी ठरवल्या. आतल्या विंडोज ७ चं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून काढूनच टाकायचं, कारण त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत, त्याला इंटरनेट कशाला. बाहेरच्या विंडोज ११ चे अपडेट वेळेवर घ्यायचे. आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह बाहेरच तपासायचा, आत फक्त फायली द्यायच्या. काका हो म्हणाले, मग मेमरी इंटिग्रिटी बंद केली, दोन्ही टिका काढल्या, रिस्टार्ट केलं.

कासव गेलं नाही. सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये बघितलं तर हायपरव्हायजर अजून चालू असल्याचंच दाखवत होतं. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटनं (विंडोज चालू होतानाच्या सेटिंग बदलायची कमांड) हायपरव्हायजर लाँच टाइप ऑफ केला, मशीन पूर्ण बंद करून, मिनिटभर थांबून चालू केलं. शटडाउन करतानाही विंडोजचं फास्ट स्टार्टअप अर्धं जुनं तसंच ठेवतं, त्यामुळं ते आधी बंद केलं होतं. आता कोपऱ्यात निळं व्ही आलं. सदतिसावं पान पाच सेकंदांत. ताईंनी न बोलता एक ओळ टाइप करून बघितली आणि मान हलवली, अक्षरं अजून मागं होती पण फरफट थांबली होती.

मग डिस्प्लेचा ड्रायव्हर. इथं मला सगळ्यात जास्त फसवलं गेलं होतं, ते माझ्याच गृहीत धरण्यानं. गेस्ट ॲडिशन्स म्हणजे आतल्या विंडोजमध्ये टाकायचं सॉफ्टवेअर, त्यातच खोट्या कार्डाचा खरा ड्रायव्हर असतो. शेअर्ड फोल्डर चालू होता, माउस आत-बाहेर सहज जात होता, म्हणजे गेस्ट ॲडिशन्स बसलेत असं मी पहिल्याच दिवशी धरून टाकलं. डिव्हाइस मॅनेजर उघडून बघितलाच नाही. उघडला तेव्हा डिस्प्ले ॲडाप्टरखाली लिहिलेलं होतं, स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स ॲडाप्टर. म्हणजे ड्रायव्हर नाहीच. पुतण्याला विचारलं तर आठवलं, बसवताना लाल चौकट आली होती, प्रकाशक ओळखता येत नाही म्हणून, आणि त्यानं शहाणपणानं नको म्हटलं होतं. त्याचं बरोबरच होतं, लाल चौकट आली की नको म्हणायचं हेच आपण पोरांना शिकवतो. जुन्या विंडोज ७ ला नव्या पद्धतीच्या एसएचए-२ सह्या ओळखता येत नाहीत, त्यासाठीचं अपडेट २०१९ मध्ये आलं होतं आणि या कॉपीत ते नव्हतं. बाकीचे भाग बसले आणि नेमका डिस्प्लेचा राहिला.

आधी स्नॅपशॉट (काही बिघडलं तर परत येता येईल अशी आतल्या मशीनची नोंद) घेतला, मग ते अपडेट पेनड्राइव्हवरून आत टाकलं, गेस्ट ॲडिशन्स परत बसवले, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीबॉक्स एसव्हीजीए आहे ना ते बघितलं, विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी तोच योग्य. तीन सेकंद.

आणि मग एक पाऊल मागं. नीट ड्रायव्हर बसल्यामुळं आतल्या विंडोजनं फुल स्क्रीनला आपोआप मॉनिटरचं पूर्ण रिझोल्यूशन धरलं, ३८४० बाय २१६०. अक्षरं मुंगीएवढी झाली आणि वेळ परत सहा सेकंदांवर. हिशोब सोपा आहे. फुल एचडीत २०,७३,६०० ठिपके, फोरकेत ८२,९४,४००, बरोबर चौपट. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर फोरकेचं एक चित्र ३३ एमबीचं, आणि ते प्रोसेसरनं काढून, मेमरीतून उचलून बाहेर न्यायचं. खऱ्या कार्डाला हे काहीच नाही, खोट्या कार्डावर सगळा भार प्रोसेसरवर. उपाय असा केला की व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमधला स्केल फॅक्टर २०० टक्के केला, म्हणजे आत १९२० बाय १०८० आणि बाहेर तेच दुप्पट मोठं करून दाखवायचं. पूर्ण दुप्पट असल्यामुळं अक्षरं धूसर होत नाहीत, १५० टक्क्यांवर होतात. दोन सेकंद.

मधल्या मधे अजून दोन गोष्टी दुरुस्त केल्या. पुतण्यानं आतल्या मशीनला चारही कोअर आणि सहा जीबी रॅम दिली होती, स्लायडर लाल पट्ट्यापर्यंत. जास्त दिलं की जास्त पळेल असं वाटणं साहजिक आहे. पण ३२ बिट विंडोज ७ चार जीबीच्या वर वापरत नाही, आणि बाहेरच्या विंडोज ११ ला दोनच जीबी उरल्यामुळं ते सारखं डिस्कवर मेमरी उतरवत होतं. शिवाय चित्र शेवटी बाहेरच्यानंच मॉनिटरवर टाकायचं असतं, त्याला कोअरच मोकळा नसेल तर ते टाकणार कधी. दोन कोअर आणि तीन जीबी केलं. एरो थीम काढून विंडोज ७ बेसिक लावली, माझी थ्रीडीची टिक काढून टाकली.

शेवटचा तुकडा पेजमेकरच्या आतच होता आणि तो ताईंनीच काढला, मी नाही. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स डिस्प्ले म्हणून तीन पर्याय असतात, ग्रे आउट, स्टँडर्ड आणि हाय रिझोल्यूशन. नव्या मॉनिटरवर फोटो छान दिसावेत म्हणून कुणीतरी हाय रिझोल्यूशन केलं होतं, त्यामुळं पान नुसतं हललं तरी पेजमेकर प्रत्येक फोटोची मूळ टिफ फाईल वाचायचं, आणि त्या फायली शेअर्ड फोल्डरातून, म्हणजे परत बाहेरून आत. ताई म्हणाल्या, "जुन्या मशीनवर आम्ही स्टँडर्डच ठेवायचो, छपाईला फरक पडत नाही." खरंच पडत नाही, छापताना मूळ फाईलच जाते. स्टँडर्ड केलं आणि चालू अंकाच्या फोटोंचा फोल्डर आतल्या डिस्कवर घेतला. स्टॉपवॉच चालू-बंद करेपर्यंत पान आलेलं असायचं.

निकाल

एकूण दीड दिवस गेला, पहिला वाया गेलेला धरून. खर्च माझ्या फेऱ्यांचा. कार्ड घेतलं नाही, त्यातले काही पैसे काकांनी आठ जीबी रॅम वाढवायला आणि एका एक्स्टर्नल डिस्कला घातले, त्या डिस्कवर दर शनिवारी आतल्या मशीनचा पूर्ण फोल्डर कॉपी होतो. अंक दसऱ्याला नाही, दोन दिवस उशिरा बांधून झाला, पण दिवाळी २० ऑक्टोबरला होती, त्याच्या बऱ्याच आधी.

सगळं अगदी जुन्यासारखं झालं असं म्हणणार नाही. मोठा ग्रुप करून सरकवला तर अजून किंचित ओढ जाणवते, आणि फुल स्क्रीनमधून बाहेर येताना एकदोनदा आतली खिडकी काळी राहते, रिसाइज केली की येते. ताईंचं म्हणणं, "टाइप केलेलं दिसतं ना, बास."

परत करायची वेळ आली तर

पहिली पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवीन, सेटिंगला हात न लावता. कोपऱ्यात कासव आहे का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव काय आहे, आतलं रिझोल्यूशन किती, कोअर आणि रॅम किती दिलीय. या चार गोष्टींतच इथला जवळजवळ सगळा आजार होता. आतमध्ये लिनक्स असतं तर डिव्हाइस मॅनेजरच्या जागी रेंडररचं, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाचं, नाव बघायचं, तिथं एलएलव्हीएमपाइप दिसलं की समजायचं, चित्र प्रोसेसर काढतोय.

दुसरं, मेमरी इंटिग्रिटी बंद करायच्या आधी व्हीएमवेअर एकदा वेगळ्या कॉपीवर लावून बघायला पाहिजे होतं. ते २०२० पासून हायपर-व्ही चालू असतानाही चालतं. पुरेसं पळालं असतं तर सुरक्षेची ती कडी काढावीच लागली नसती. घाई होती हे खरं, पण संध्याकाळी ताई घरी गेल्यावर तास-दोन तास मिळाले असते, आणि ते मी वापरले नाहीत. हा प्रयोग आता करायचा ठरलाय, अंकांची गडबड संपलीय.

तिसरं, ताईंना मी पहिल्या दिवशी नुसतं "काय होतंय" विचारलं, "जुन्या मशीनवर काय वेगळं होतं" हे विचारलं नाही. विचारलं असतं तर स्टँडर्ड डिस्प्लेची गोष्ट पहिल्याच फोनवर कळली असती आणि त्या एका बदलानं त्यांचा निम्मा त्रास त्याच दिवशी कमी झाला असता.

आणि हे सगळं उसन्या वेळेवर आहे याची काकांना कल्पना दिलीय. डोंगल एक आहे, ते बिघडलं तर व्हर्च्युअल मशीनची कितीही कॉपी असो, मराठी येणार नाही. म्हणून नवीन कामं युनिकोडमध्ये घ्यायला सुरुवात केलीय, पहिल्यांदा लग्नपत्रिका, कारण त्या एक-दोन पानांच्या आणि चूक झाली तर लगेच सापडते. जुन्या अंकांपैकी जे परत लागण्यासारखे आहेत त्यांच्या पीडीएफ काढून ठेवतोय, म्हणजे पेजमेकर बंद पडलं तरी निदान पान बघता येईल, छापता येईल. ताई रोज दुपारी अर्धा तास इनस्क्रिप्ट कीबोर्डावर (युनिकोड मराठीची कळांची मांडणी) हात बसवतात. काल त्यांनी बारशाची पहिली पत्रिका त्यावर केली, विंडोज ११ मध्येच, व्हर्च्युअल मशीन न उघडता.